बाभळीच्या काट्याला पुरून उरणारा टायर: श्वाल्बे मॅरेथॉन प्लस

मदतनिधीच्या राइडमध्ये सोलापूर-पंढरपूर हा सुमारे ७० किमीचा टप्पा करायचा, तर चढापेक्षा वेड्या बाभळीचा काटा जास्त छळतो. ट्रकला वाट द्यायला सायकल कडेला उतरवली की तो टायरात रुतलाच म्हणून समजा. या टायरच्या नक्षीखाली ५ मिमी जाडीचा लवचिक रबराचा थर आहे, त्यामुळे काट्याचं टोक सहसा ट्यूबपर्यंत पोचत नाही. बाजूच्या भिंतीला मात्र हा थर नाही, तिथे काच लागली तर संपलं.

बसवताना हा टायर घाम काढतो. रिममध्ये बसणारी त्याची कड ताठ असते. सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने करा, बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. लोखंडी पान्याने उचकटलं तर ट्यूब चिमटते. प्लास्टिकचे लिव्हरच वापरा.

वजनाला जड आहे, पिकअप मंदावतो. तरी गटासोबत निघालेल्यांनी हाच घ्यावा, कारण एकाचं पंक्चर सगळ्यांना उन्हात थांबवतं. ट्यूबला प्रेस्टा (सायकलचा बारीक) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचं नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं.