हरित हायड्रोजन मिशन: अनुदान ५० रुपयांचं, वीज १६५ रुपयांची

हरित हायड्रोजन म्हणजे सौर-पवनसारख्या अक्षय विजेने पाणी फोडून काढलेला हायड्रोजन. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत. इथे त्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघू. प्रकल्प उभारायचा असेल तर ही योजना पदरात नेमकं काय टाकते आणि कुठे अडकवते?

४ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या मिशनची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातले १७,४९० कोटी एकट्या 'साइट' या प्रोत्साहन योजनेचे: १३,०५० कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना, ४,४४० कोटी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं मशीन) बनवणाऱ्यांना. संशोधनाच्या वाट्याला ४०० कोटी, म्हणजे चटणीपुरते. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन आणि सोबत १२५ गिगावॅट नवी अक्षय ऊर्जा. हे १२५ गिगावॅट हवेतून काढलेले नाहीत. एक किलो हायड्रोजनला विजेचे ५५ युनिट धरले तर ५० लाख टनांना २७,५०० कोटी युनिट लागतात, आणि १२५ गिगावॅट वर्षभर सरासरी २५ टक्के क्षमतेने चालले की जवळपास तेवढेच मिळतात.

हे ५५ युनिट पक्के ध्यानात ठेवा. सैद्धांतिक गरज ३९.४ युनिटची, वरचं सगळं स्टॅकची (पाणी फोडणाऱ्या सेलच्या थप्पीची) उष्णता, रेक्टिफायर (ग्रिडच्या एसी विजेची डीसी करणारा), पंप, ड्रायर आणि कॉम्प्रेसर खातात. कॅटलॉगमध्ये ५० च्या आसपास आकडा दिसला तर तो बहुधा नुसत्या नव्या स्टॅकचा, डीसी बाजूचा असतो. कोटेशन मागताना संपूर्ण प्लांटचा एसी आकडा घ्या आणि स्टॅक जुना झाल्यावर तो किती वाढेल याची हमी लेखी घ्या. वीज ३ रुपये युनिटने मिळाली तरी किलोमागे १६५ रुपये विजेलाच जातात. साइटचं उत्पादन अनुदान पहिल्या वर्षी किलोला जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३०. पुढे काही नाही. तीही कमाल मर्यादा आहे, कारण निविदेत कमी अनुदान मागणारा पुढे जातो. ५० रुपये म्हणजे युनिटमागे जेमतेम ९० पैसे.

म्हणून या योजनेतली खरी मलई आंतरराज्य पारेषण शुल्काच्या (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याच्या भाड्याच्या) माफीत आहे. डिसेंबर २०३० पर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना ती २५ वर्षं मिळते. मात्र राज्याच्या तारांचा हिशोब वेगळा. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचं स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. त्यात पारेषण, व्हीलिंग (वितरणाच्या तारांचं भाडं) आणि वीज शुल्कात सवलती आहेत. जागा ठरवण्याआधी या सवलतींची गणितं मांडून बघा.

'हरित' हा शिक्का कसा मिळतो? ऑगस्ट २०२३ च्या मानकानुसार एका किलो हायड्रोजनमागे उत्सर्जन १२ महिन्यांच्या सरासरीने २ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत हवं. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होतं. म्हणजे ५५ पैकी तीनही युनिट साध्या ग्रिडचे परवडत नाहीत. पाणी शुद्ध करणं, गॅस वाळवणं, दाबणं हे सगळं याच हिशोबात धरतात, हे विसरू नका. केंद्राच्या २०२२ च्या हरित हायड्रोजन धोरणातली वीज बँकिंगची (जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर परत घेण्याची) मुदत ३० दिवसांची. पावसाळ्यातल्या वाऱ्याची वीज हिवाळ्यात वापरू म्हणाल तर जमणार नाही.

सकाळ-संध्याकाळ सौर वीज उतरली की अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरचं (क्षाराच्या द्रावणावर चालणाऱ्या मशीनचं) दुखणं सुरू होतं. लोड कमी झाला की ऑक्सिजन कमी तयार होतो, पण दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या डायफ्रॅममधून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की प्लांट ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ४ टक्क्यांना मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून ट्रिपची मर्यादा वर सरकवायचा मोह टाळा. वारंवार बंद-चालू केलं की उलट्या प्रवाहाने इलेक्ट्रोड खराब होतात. पीईएम (पातळ पॉलिमर मेम्ब्रेनचं) मशीन लोडची चढउतार सोसतं, पण त्याला इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातले धातूंचे आयन मेम्ब्रेनमध्ये बसले की ते काढणं कठीण. पाणी रासायनिक हिशोबाने किलोला ९ लिटर. आरओचं वाया जाणारं आणि कूलिंग टॉवरचं धरलं तर २० ते ३०.

मिशनचा सगळ्यात जमलेला भाग म्हणजे अमोनिया, हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून बनणारा खताचा कच्चा माल. खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टनांची खरेदी सेकी या सरकारी सौर ऊर्जा कंपनीने एकत्र केली आणि १० वर्षांचा ठराविक दर ठेवला. २०२५ च्या लिलावात पाराद्वीपच्या कारखान्यासाठी ७५,००० टनांचा दर किलोला ५५.७५ रुपये निघाला. अमोनियात वजनाने साधारण १७.७ टक्के हायड्रोजन, तेव्हा हायड्रोजनच्या किलोमागे हे सुमारे ३१४ रुपये होतात, नायट्रोजन आणि संश्लेषणाचा खर्च धरून. अनुदान वेगळं. इथे माल उचलणारा आधीच ठरलेला आहे, बँकेला दाखवायला करार आहे. नुसत्या हायड्रोजनच्या निविदेत अनुदान जिंकलं तरी गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं. रिफायनऱ्यांनी किती टक्के हरित हायड्रोजन वापरायचाच, हे ठरवण्याची सोय मिशनच्या दस्तऐवजात आहे. टक्का लिहिलेला नाही. कर्ज देणारा बोट ठेवतो ते इथेच. अमोनिया बनवणाऱ्या लूपला (संश्लेषण संयंत्राला) चढउतार मानवत नाही, तेव्हा मधल्या हायड्रोजन साठवणीचा खर्च बोलीत आधीच धरा.

वाहनांचा भाग अजून चाचणीपुरता: ३७ बस-ट्रक, ९ स्टेशनं, सुमारे २०८ कोटी, मार्गांमध्ये पुणे-मुंबईही आहे. यातली १५ वाहनं फ्युएल सेलची (हायड्रोजनपासून वीज करून चालणारी), २२ इंजिनाची (हायड्रोजन जाळणारी). इंजिनांचा वाटा मोठा ठेवला हे बरं केलं. फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध गॅस लागतो, त्यात ओलावा आणि ऑक्सिजन प्रत्येकी ५ पीपीएमच्या (दहा लाखात पाच भागांच्या) आत. ड्रायर नीट चालला नाही तर त्या गॅसवर इंजिन चालेल, फ्युएल सेलची बस मात्र उभी करावी लागेल.