पिवळा डीटी-८३०डी मल्टिमीटर: स्कूटरच्या सेल्फसाठी आठ महिने वापरल्यावर

आधी तक्रारच. या मीटरमधली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उतरली की मीटर बंद पडत नाही, आकडे फुगवतो. स्कूटरची बॅटरी असते १२.२ व्होल्टवर आणि पडद्यावर दिसतं १२.९. बॅटरी ठणठणीत समजून माणूस रिले (बटण दाबल्यावर मोटरला जाड करंट जोडणारा स्विच) बदलतो, मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) बदलतो. सेल्फ तरी टक्-टक्च. आपोआप बंद व्हायची सोय नाही, त्यामुळे मधली फिरती चकती ऑफला न्यायची राहिली की ती बॅटरी गेलीच. आणि चांगली अल्कलाइन आणायला गेलं तर वाटतं, त्यापेक्षा मीटरच नवा घ्यावा! म्हणून दरवेळी आधी नव्या पेन्सिल सेलवर मीटर तपासायचा. १.६ च्या आसपास यायला हवं. १.८ आलं तर मीटर खोटारडा.

एवढं सांभाळलं तर सेल्फचा रोग शोधायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. चकती डीसी २० व्होल्टवर, मीटरच्या वायरींची टोकं (प्रोब) बॅटरीच्या दोन टोकांवर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ हवी, पण त्या आकड्यावर भुलू नका. खरी परीक्षा सेल्फचं बटण दाबल्यावर. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, तेव्हा तीन सेकंद दाबून धरा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संपली. नुसतं टक् होऊन १२ च्या वरच राहिलं तर मोटरमधून करंट वाहतच नाही. टक् पण नाही? मग मीटर ठेवा बाजूला. ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का बघा. बहुतेक वेळा ब्रेक स्विच किंवा फ्यूज निघतो, नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही.

पहिले दोन महिने मी याच्या वायरींना नावं ठेवत होतो. प्रोब एकमेकांना टेकवले तरी अर्धा ओहम दाखवतात, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्यासारखी बारीक मापं विसरा. आता मत बदललंय, कारण करंट वाहताना व्होल्टेज कुठे गळतं हे मोजलं तर ओहम लागतच नाहीत. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर प्रोब ठेवून बटण दाबा: टक् होऊनही ०.२ पेक्षा जास्त आलं तर रिलेचे पॉइंट जळालेत. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत तसंच ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थ (मायनसची इंजिनला जोडलेली वायर) घासून साफ करा, खर्च शून्य. मोटरच्या टर्मिनलवर पुरते १२ पोचतात आणि मोटर ढिम्म, तर ब्रश. तपासताना गाडी चालू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगवरची कॅप (टोपण) काढून तिच्यात जुना प्लग लावून तो इंजिनला टेकवून ठेवा. कॅप नुसती लोंबकळत सोडू नका.

प्लगच्या ठिणगीला हा मीटर लावायचा नाही, जळेल. कॅप मात्र तपासता येते. ती वायरवरून फिरवून काढा, २० किलोओहमवर मोजा. रेझिस्टर कॅप साधारण ५ दाखवते. पडद्यावर नुसता डावीकडे १ आला, म्हणजे माप रेंजबाहेर, तर कॅप गेली. पावसाळ्यात वायरचं टोक हिरवं पडतं, ते ५ मिमी कापून कॅप पुन्हा बसवा. १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नाही, सेल्फचा करंट तिथून मोजायला जाऊ नका.

शेवटी चार्जिंग: गाडी चालू, थोडा अॅक्सिलरेटर, १३.८ ते १४.८. आणि १५.५ दिसलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) आणण्याआधी मीटरमधली ती चौकोनी बॅटरी बदलून बघा.