नऊ महिने वेबकॉमिक काढून झाल्यावर: पेन्सिल, क्रिटा, ब्लेंडर, इंकस्केप आणि एक रिटायर कंडक्टर काका

आधीच सांगते, मी आर्टिस्ट वगैरे नाही. दिवसा पुण्यात अकाउंट्सची नोकरी आणि रात्री साडेनऊनंतर कॉमिक. सांगली-विटा एसटीवर एक कंडक्टर बाई आहे, रोज तीच गाडी, रोज नवीन पाशिंजर, एवढीच गोष्ट. जुलैत पहिला भाग टाकला, आता एप्रिल, ३१ भाग झालेत. कशात काढतेस, कुठलं अ‍ॅप, किती खर्च, हे इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकावं.

सेटअप असा: कागदावर २बी पेन्सिल, त्याचा मोबाईलने फोटो, शाई आणि रंग क्रिटात (चित्र काढायचं सॉफ्टवेअर), बस ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल करायचं), संवादांचे बलून आणि अक्षरं इंकस्केपमध्ये. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स. पैसे गेले ते पेन टॅबलेटला, स्क्रीन नसलेला साधा, साडेचार हजार, आणि नंतर निबांना, कारण मी पेन दाबून चालवते आणि निब झिजून तिरकी होते, हे कुणीच आधी सांगत नाही.

पेन्सिल का, असं विचाराल तर बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर हात इथे आणि नजर तिथे, बसचा दांडा वगैरे जमतो पण चेहरा नाही जमत. कंडक्टर बाईचा वैताग मला कागदावर चार रेघांत येतो, टॅबलेटवर चाळीस रेघांत पण येत नाही. फोटो खिडकीपाशी दिवसा काढायचा, ट्यूबलाईटखाली काढलात तर आपल्याच डोक्याची सावली येते. मग क्रिटात लेव्हल्सने कागद पांढराफट्ट करायचा, पेन्सिलीला निळसर रंग द्यायचा आणि वरच्या लेयरवर शाई. सुरुवातीला मी स्टॅबिलायझर (हाताची थरथर काढून रेघ गुळगुळीत करणारी सोय) फुल ठेवला होता, रेघा इतक्या गुळगुळीत आल्या की सगळी माणसं इस्त्री करून गाडीत बसवल्यासारखी दिसत होती. आता अगदी थोडा ठेवते. रंगासाठी कलराइझ मास्क, म्हणजे रंगाचा एक ठिपका द्यायचा आणि तो रेघांच्या आतला भाग स्वतः भरतो. माझा अर्धा वेळ वाचतो, पण माझ्या रेघांना फटी फार, त्यामुळे कधीकधी साडीचा रंग शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरात जातो.

आता बस. पहिले दोन भाग मी बस हातानेच काढली होती. दुसऱ्या भागावर एक कमेंट आली, "ताई, गाडीला पहिल्या चौकटीत सात खिडक्या हायत आन् चौथीत नऊ. मधल्या स्टॉपला दोन बसवल्या का?" हे काका म्हणजे रिटायर कंडक्टर, पुढे यांचं नाव बरंच येणार आहे (नाव म्हणजे नुसतं काका, खरं नाव देत नाही).

म्हणून ब्लेंडर शिकले. तीन शनिवार-रविवार गेले. मॉडेल काही भारी नाही, एक खोकं, आत सीटा, खिडक्यांना आडवे गज, दरवाजा, छताला दोरी. त्यावर लाईन आर्ट मॉडिफायर लावला, तो २०२१ मध्ये २.९३ व्हर्जनला आला, त्याने मॉडेलच्या कडांवर कॉमिकसारख्या काळ्या रेघा येतात, आणि सावली दोन-तीन सपाट रंगांत यावी म्हणून शेडर टू आरजीबी आणि पुढे कलर रॅम्प हे दोन नोड (रंग ठरवणारे, एकमेकांना जोडायचे ठोकळे). यातला शेडर टू आरजीबी फक्त ईव्हीमध्ये चालतो, सायकल्समध्ये नाही (ही ब्लेंडरची मॉडेलवरून चित्र तयार करणारी दोन इंजिनं), मी एक अख्खी रात्र सायकल्स लावून बसले होते आणि लॅपटॉपला शिव्या देत होते. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्याला ब्लेंडर आणि क्रिटा एकदम उघडायला सांगितलं की पंखा घाट चढल्यासारखा ओरडतो.

पण खरी गंमत पुढे झाली. तिसरा भाग टाकला, मला वाटलं आता लोक वा वा करतील. एकाने लिहिलं, "बस शोरूममधनं आणली काय?" दुसऱ्याने, "एवढी मोकळी एसटी कुठे मिळते ते सांगा, आम्ही पण बसतो." दोघांचं बरोबर होतं! रेघा सगळ्या स्केलने मारल्यासारख्या, पत्र्याला एक पोचा नाही, आणि कॅमेऱ्याची लेन्स मी १८ एमएम ठेवली होती म्हणून आतून गाडी मंगल कार्यालयाएवढी दिसत होती. लेन्स ३५ केली तेव्हा गाडी गाडीसारखी कोंदट झाली. आणि आता ब्लेंडरचा रेंडर, म्हणजे तयार झालेलं चित्र, मी थेट वापरतच नाही, तो क्रिटात ३० टक्के ओपॅसिटीला खाली ठेवते आणि वरून हाताने परत काढते, वाकडं, पोचे घालून, सीटच्या रेक्झिनला ब्लेड मारलेली, खिडकीतून जागा धरायला टाकलेला रुमाल, पाठीमागे कुणाच्या तरी नावाचा बदाम कोरलेला. म्हणजे तीन शनिवार-रविवार घालवून जे मॉडेल केलं त्याचा उपयोग फक्त खिडक्या किती आणि कुठे एवढाच. तरी परत विचारलं तर मी ते करीनच, कारण तेवढं एक काम माझ्या हाताला कधीच जमणार नव्हतं.

अक्षरांवर मात्र थोडं जास्त लिहिते, कारण मराठीतून कॉमिक कसं अक्षरांकित करायचं हे कुठे धड सापडत नाही, सगळे ट्युटोरियल इंग्रजीचे. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळं कॅपिटल, सगळ्या अक्षरांची उंची सारखी, ओळी चिकटून बसतात. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. "पूर्वीच्या" खाली "मूर्ती" आली की वरच्याचा ऊकार खालच्याच्या वेलांटीत घुसतो. मी ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.३५ पट ठेवते. आणि आपले शब्द प्रत्यय लागून लागून एवढे लांब होतात की अरुंद बलूनमध्ये "तासगावपासूनच्यांना" हा एकच शब्द ओळ खातो, त्यामुळे बलून उभट न करता आडवे करायचे आणि संवाद कापायचे. कापल्यामुळे संवाद सुधारले हे पण आहेच. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांनी वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

फॉन्ट: संवादाला आधी कलम वापरला, हस्ताक्षरासारखा आहे, छान आहे, पण मोबाईलवर माझ्या आईला वाचता येईना. मग मुक्ता. पाट्यांसाठी यात्रा वन, तो मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, फलाटाच्या बोर्डाला मस्त बसतो. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट. फॉन्ट निवडताना एक करा, "ल" आणि "श" टाईप करून बघा. मधे मी एक तिसराच फॉन्ट घेतला होता त्यात हिंदी वळणाचा ल होता, मला कळलं पण नाही, एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं की २००९ च्या शासन निर्णयात मराठी ल कसा ते दिलेलं आहे, बघून घ्या. बघितला. परत सगळे बलून बदलले.

आवाज मात्र हातानेच काढते. धाडकन, खर्रर्र, सटकन, आपल्या भाषेत यांची काय कमी आहे. आणि इथे शिरोरेषेचा असा उपयोग होतो की इंग्रजीवाल्यांना तो मिळणारच नाही. झालं असं की सहाव्या भागात बाई दोरी ओढते, "टिंग", आणि गाडी सुटते. काकांची कमेंट पाच मिनिटांत: "एका बेलला गाडी थांबती. सुटायला डबल बेल." आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून ऐकलंय की, पण काढताना लक्षातच आलं नाही. दुरुस्त करायला बसले तेव्हा "टिंग टिंग" ची शिरोरेषा सलग ओढली आणि ती लांबवत लांबवत छताच्या दोरीलाच जोडली, म्हणजे दोरीच शिरोरेषा. ३१ भागांतली माझी सगळ्यात आवडती चौकट ती आहे आणि ती चूक काढल्यामुळे झाली.

एक चूक माझी: इंकस्केपमध्ये चित्र आणताना लिंक की एम्बेड विचारतं, मी लिंक ठेवलं (फाइल हलकी राहते) आणि एक दिवस शहाणपणा करून सगळे फोल्डर नीट लावले. दुसऱ्या दिवशी अकरा भागांत चित्राच्या जागी लाल फुली. फोल्डर हलवू नका, बाकी काही नाही.

साईझ पटकन सांगते. वेबटून कॅनव्हासला (कुणालाही आपलं कॉमिक टाकता येतं अशी साईट) ८०० बाय १२८० पिक्सेलचे तुकडे लागतात, मी १६०० रुंदीवर काढते आणि शेवटी निम्मं करते. इन्स्टाला १०८० बाय १३५०, आता एका पोस्टमध्ये २० पर्यंत चित्रं जातात. उभ्या स्क्रोलमध्ये मोकळी जागा सोडून वेळ दाखवता येतो, बाई वाट बघतेय म्हणजे खाली नुसता रस्ता आणि रस्ता. स्वाईपमध्ये ते होत नाही, तिथे दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांची युक्ती चालते, पहिल्या चित्रात भलतंच वाटावं आणि सरकवलं की वेगळंच निघावं. एकाच भागाचे दोन अवतार करायला एक संध्याकाळ जाते, तेवढी तयारी असेल तरच दोन्हीकडे टाका.

आणि लाल रंग! जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्याचा सगळ्यात जास्त मार गडद लालाला बसतो, आणि मी काढते लाल डबा. फॉरवर्ड होत होत चित्र पोचलं की खिडकीच्या गजांच्या कडा भिजलेल्या दिसतात. उपाय म्हणजे लाल किंचित विटकरी केला, गजांच्या रेघा जाड केल्या, आणि जिथे चालतं तिथे पीएनजी. विटकरी लालावर काका म्हणाले, "आता उन्हात उभी राहिलेली गाडी वाटती." घ्या.

वाचकांच्या सूचना घ्याव्या का, याचं उत्तर मला नऊ महिन्यांनी असं वाटतं की ते जे जगलेत ते सगळं घ्यावं. दुसऱ्याच भागात मी तासगावजवळ खिडकीबाहेर द्राक्षाचे घड काढले होते, आषाढात. एका बागायतदार दादांनी लिहिलं, "ताई, फळछाटणी ऑक्टोबरात, घड कुठनं आणले?" लेयर वेगळा होता, दोन मिनिटांत घड गेले. सांगलीहून जाताना कवलापूर कवठे एकंदच्या आधी येतं, मी उलटं केलं होतं, तेही सांगितलं. उलट "पुढे काय व्हावं" असं विचारून मी एकदा पोल टाकला, बाईंचं आणि ड्रायव्हरचं जमावं का? बहुतेक जण हो म्हणाले. तीन भाग तसे काढले आणि कमेंट आटल्या, हो म्हणणाऱ्यांतल्याच एकीने लिहिलं की ताई, याची सिरियल झाली. चौथ्या भागात ड्रायव्हरची बदली करून टाकली.

"शुद्ध मराठीत लिहा" वाल्यांना मी उत्तर देत नाही. पण एका अमरावतीच्या मुलीने विचारलं की "काय करायलाईस" (म्हणजे काय करतोयस) म्हणजे काय, तिच्यासाठी पुढच्या भागात एक वऱ्हाडी पाशिंजर गाडीत बसवला आणि त्यालाच तो प्रश्न विचारायला लावला. "हे एआय आहे का" हाही प्रश्न येतो, थ्रीडी आणि हातकाम मिसळल्यामुळे असेल. मी पेन्सिलच्या कागदाचा फोटो टाकते, त्यावर चहाचा डाग असतो, मग कुणी काही बोलत नाही.

पुढचं काम १ जूनचं. १९४८ ला त्या दिवशी पुणे-नगर पहिली एसटी सुटली, त्यावर भाग करायचाय, लाकडी बॉडीची गाडी परत ब्लेंडरमध्ये बांधायला लागणार. आताच्या बसचं मॉडेल कुणाला हवं असेल तर सांगा, फाइल पाठवते. फक्त डाव्या बाजूचा आरसा अजून काकांनी पास केलेला नाही.