चार्जिंगचा बल्ब घेताय? मग आतल्या सेलचं आधी बघा

कोकणात पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चालायचं, आणि इन्व्हर्टर-बॅटरीचा खर्च नको असेल तर हे चार्जिंगचे एलईडी बल्ब चांगलेच आहेत. नेहमीच्या पिन होल्डरला बसतात, लाईट गेली की आपोआप सेलवर जातात, वेगळं वायरिंग काही नाही. आमच्याकडे दोन-तीन कंपन्यांचे वापरून झालेत, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

दीड मार्क का कापला ते सांगतो. खोक्यावर 25,000 तास छापलेलं असतं ना, ते एलईडीचं आयुष्य, आतल्या लिथियम सेलचं नाही. सेल साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाला की ढिला पडायला लागतो, आणि गरम राहिला तर त्याच्याही आधी. दुसरं म्हणजे 9 वॅट आणि 4 तास बॅकअप हे दोन आकडे एकत्र वाचायचेच नाहीत. आत बहुतेक 2200 मिलिअँप-तासांचा (खोक्यावर mAh) 3.7 व्होल्टचा सेल असतो, म्हणजे जेमतेम 8 वॅट-तास, त्यावर 9 वॅट एक तास पण निघणार नाही, म्हणून लाईट गेली की बल्ब गुपचूप दोनेक वॅटवर येतो. जेवायला, कंदील शोधायला पुरे, पोरांच्या अभ्यासाला नाही.

आता कुठे लावायचा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. आमच्या आईला तो चुलीवरच हवा होता, संध्याकाळपासून झोपेपर्यंत चालू, वर फोडणीची वाफ, बल्बची स्वतःची गरमी वेगळी. तो आता अर्ध्या तासात मान टाकतो, आणि त्याच्याबरोबरच घेतलेला माजघरातला अजून तीन तास ओढतोय. त्यामुळे रोजच्या मेन लाईटच्या जागी साधा एलईडी ठेवा, हा पडवीत, जिन्यात, बाथरूमच्या बाहेर, जिथे थोडा वेळच लागतो तिथे लावा. बंद काचेच्या ग्लोबमध्ये तर नकोच, आत हवा खेळत नाही.

बटण चालू असल्याशिवाय चार्ज होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, महिनाभर बटण बंद ठेवतात आणि मग बल्बला शिव्या देतात. रिकामा सेल तसाच पडून राहिला तर कायमचा जातो, म्हणून पावसाळा संपल्यावर काढून ठेवणार असाल तर निम्माअर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी थोडा वेळ लावा. अजून एक, एका बटणावर असे दोन बल्ब लावू नका, बटण बंद केलं तरी एकमेकांमुळे दोघंही सेलवर चालूच राहतात, आणि मग आमच्या काकूंसारखं "बल्बात भूत आहे" म्हणत बसाल.

सेल गेला तरी लाईट असताना बल्ब साध्या बल्बासारखा लागतो, लगेच फेकू नका. सेल बदलून पण मिळतो, फक्त ते काम रिपेरिंगवाल्याकडूनच करून घ्या, होल्डरमध्ये असताना उघडला तर आत 230 व्होल्ट खेळत असतात. जुना सेल चुलीत किंवा ओल्या कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घेताना सेलचे मिलिअँप-तास खोक्यावर छापलेत का बघा, नसतील तर दुसरा मागा, आणि निदान वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.