‘ग्रूप’ कोडं : काही महिने खेळल्यानंतर

सायमन टॅथम हे नाव पुटीमुळे बऱ्याच जणांना माहीत असतं. सर्व्हरला जोडून घ्यायचं ते काळ्या खिडकीचं सॉफ्टवेअर त्यांचंच. त्यांनी केलेला कोड्यांचा एक फुकट, मुक्त परवान्याचा संचही आहे, 2004 पासून वाढत आलेला. त्यातली नेहमीची कोडी सगळ्यांना दिसतात, ‘ग्रूप’ मात्र सोर्स कोडमधल्या ‘अपूर्ण’ कोड्यांच्या फोल्डरात पडून आहे. गंमत म्हणजे ते अपूर्ण अजिबात नाही. कोडच्या सुरुवातीलाच टॅथम यांनी लिहून ठेवलंय की खेळ नीट चालतो, पण इतका आडवळणाचा आणि अवघड आहे की सर्वसामान्यांपुढे ठेवावासा वाटत नाही. मी पावसाळ्यात सोर्स उतरवून लिनक्सवर बिल्ड केलं (अपूर्ण कोडी वेगळी चालू करावी लागतात), आणि उन्हाळा लागला तरी चहाबरोबर एखादं होतंच.

गणितातला ग्रूप म्हणजे, इथल्यापुरतं, काही मोजकी अक्षरं आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचा ‘गुणाकार’ पुन्हा त्यांच्यातलंच एक अक्षर देईल असे नियम. कोडं असं : एका ग्रूपची गुणाकाराची सारणी दिलेली असते, गणिती आर्थर केली यांनी 1854 मध्ये मांडली तशी; ओळीचं अक्षर गुणिले स्तंभाचं अक्षर याचं उत्तर दोघांच्या घरात. बहुतेक घरं रिकामी, काही अक्षरं भरलेली. प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं. इथपर्यंत सुडोकूवाल्यांना घरच्यासारखं वाटेल. शिवाय अविकारक घटक हवा (गुणाकारातल्या 1 सारखा, ज्याने गुणलं तरी काही बदलत नाही), प्रत्येकाचा व्यस्त हवा (ज्याच्याशी गुणलं की अविकारक येतो) आणि साहचर्य नियम पाळला जायला हवा (तिघांच्या गुणाकारात कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच). हे शब्द आपण शाळेत पाठ केले आणि विसरलो, कारण साध्या संख्यांसाठी ते आपोआप खरेच असतात. इथे त्यांना काम असतं, आणि भरपूर असतं. अविकारकाची ओळ आणि स्तंभ आधीच भरून दिले, तर 5 बाय 5 चौकोन नुसत्या ‘एकदाच’ नियमाने 56 प्रकारे भरता येतो. त्यातले ग्रूपचे फक्त 6. 6 बाय 6 ला 9408, आणि ग्रूपचे फक्त 80. मूठभर अक्षरांवर अख्खी सारणी उभी राहते ती यामुळे.

पहिले काही आठवडे मी सुडोकूच्याच सवयीने खेळत होतो : पेन्सिलखुणा, म्हणजे घरात येऊ शकणारी सगळी अक्षरं बारीक लिहून, भरायच्या आणि खोडत बसायचं. सोप्या पातळीवर हे चालतं, पण खरा खेळ वेगळाच आहे. प्रमेय हीच इथे चाल. ए गुणिले बी अविकारक आला, तर बी गुणिले ए हाही अविकारकच, मग ग्रूप क्रमनिरपेक्ष (गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच) असो वा नसो. म्हणजे सारणीतली अविकारकाची घरं कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी बसतात. एक सापडलं की दुसरं फुकट.

साहचर्याची चाल हाताला बसायला वेळ लागला. ए-बीच्या घरात डी आहे आणि बी-सीच्या घरात एफ आहे असं धरा. मग डीची ओळ आणि सीचा स्तंभ यांच्या घरात जे असेल, तेच एची ओळ आणि एफचा स्तंभ यांच्या घरात असणार. दोन्ही घरं रिकामी असली तरी ती एकमेकांना बांधली जातात : इकडची पेन्सिलखूण खोडली की तिकडचीही खोडायची. याचाच भाऊ म्हणजे चौकटीचा नियम. सारणीतल्या दोन आयतांचे तीन कोपरे जुळले, तर चौथाही जुळतोच. हा नियम डोळ्यांत भिनला की वेग एकदम बदलतो. नियम मोडला तर प्रोग्रॅम त्या घरात कुठल्या तीन अक्षरांचे कंस जुळत नाहीत तेही दाखवतो. ते फार कामाचं आहे.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे ओळींची शीर्षकं माउसने ओढून क्रम बदलता येतो आणि मध्ये जाड रेषा मारता येतात. सुरुवातीला ही नुसती सजावट वाटली. पण 8 बाय 8 च्या कोड्यात चार अक्षरांचा उपग्रूप (आपसात गुणली तरी बाहेर न जाणारी अक्षरं) सापडला आणि ती चार वर ओढली, की सारणीचे चार तुकडे पडतात. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या तुकड्यात फक्त उपग्रूपची अक्षरं, बाकी दोन्हींत फक्त उरलेली चार. एका ओढण्यात प्रत्येक रिकाम्या घराचे निम्मे पर्याय गेले! भागाकार-ग्रूप (अशा तुकड्यांनाच एकेक घटक मानून बनणारा छोटा ग्रूप) म्हणजे काय हे कॉलेजात लिहून पास झालो होतो, पण तो असा समोर बसलेला पहिल्यांदाच पाहिला.

अविकारक लपवून खेळायचाही पर्याय आहे आणि माझ्या मते खरं कोडं तेच. कुठल्याही ओळीत एखादं अक्षर स्वतःच्याच स्तंभात दिसलं, की ती ओळ अविकारकाची. असं उघड बहुधा मिळत नाही, मग उलट बाजूने जायचं : घरातलं अक्षर ओळीच्याही नावाचं नाही आणि स्तंभाच्याही नाही, तर दोन्ही नावं बाद.

आकाराचं म्हणाल तर 6 लवकर संपतो. त्या आकाराचे ग्रूप दोनच आणि कर्णावर (तिथे प्रत्येक अक्षर स्वतःशीच गुणलेलं असतं) अविकारक दोनदा की चारदा एवढं कळलं की कुठला ते कळलं. 8 ला पाच ग्रूप आहेत आणि तिथे जान आहे. कर्णावर अविकारक सहा वेळा आला तर चौरसाच्या सममितींचा (चौरस फिरवून-उलटून पुन्हा तसाच बसवण्याच्या प्रकारांचा), आठ वेळा तर सगळेच स्वतःचे व्यस्त. दोनच वेळा आला तर मात्र थांबावं लागतं : एक तर चक्रीय (एकच अक्षर स्वतःशी पुन्हापुन्हा गुणून सगळी मिळतात तो), नाहीतर गणिती हॅमिल्टन यांच्या क्वाटर्नियन्सचा, म्हणजे चार भागांच्या संख्यांवरून आलेला. दुसरा असेल तर कर्णावरची उरलेली सहाही घरं एकाच अक्षराची असतात. हे पहिल्यांदा स्वतःहून उमगलं तेव्हा मी कोडं अर्धवट सोडून फक्त कर्ण बघत बसलो होतो.

12 ची शिफारस करणार नाही. 144 घरं, बारीक पेन्सिलखुणा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर डोळ्यांना त्रास. शिवाय 8 मध्ये लागलेली ‘निम्म्यांचा उपग्रूप शोधा’ ही सवय इथे कधीकधी तोंडघशी पाडते. 12 च्या पाच ग्रूपांपैकी चतुष्फलकाच्या फिरवण्यांचा जो आहे, त्यात सहा अक्षरांचा उपग्रूपच नाही. तिथे चारांचा शोधायचा आणि सारणी तीन बाय तीन तुकड्यांत पाडायची. सुट्टीच्या दिवशी ठीक आहे.

अवघडपणाच्या सगळ्यात वरच्या पातळीचं नावच ‘अवाजवी’ अशा अर्थाचं आहे आणि तिथे अंदाज बांधून मागे फिरावं लागतं. मला त्यात मजा वाटत नाही. त्याखालच्या दोन पातळ्या पुरेशा दमवतात.

ग्रूप कधी पाहिलेच नसतील तर हे खेळता येईल का, असं एका मित्राने विचारलं. येईल, पण 6 पासून, अविकारक दाखवून आणि हाताशी कागद घेऊन. बीएस्सीला गणित असणाऱ्यांनी तर परीक्षेआधी खेळावंच. एक उणीव राहतेच : सुटल्यावर तो ग्रूप कुठला होता हे प्रोग्रॅम सांगत नाही. मी कर्ण मोजून नाव ठरवतो आणि वहीत टिपून ठेवतो. क्वाटर्नियन्सच्या पानावर अजून फार नोंदी नाहीत.