‘रँकिंगवालं’ डोमेन गळ्यात मारलं जातं तेव्हा

नवी वेबसाइट काढताना पहिला खर्च डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावाचा, होतो आणि पुष्कळदा पहिली फसवणूकही तिथेच होते. विकणारा सांगतो, ‘नावातच कीवर्ड आहे, गूगलवर आपोआप वर येईल.’ दुसरा सांगतो, ‘डोमेन बारा वर्षं जुनं आहे, ऑथॉरिटी पन्नासच्या वर आहे.’ साध्या नोंदणीच्या कितीतरी पट रक्कम मोजली जाते. काही महिन्यांनी साइट सर्चमध्ये कुठेच सापडत नाही, आणि विकणारा तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो. हे प्रकार ठरावीक साच्याचे आहेत, त्यामुळे पैसे देण्याआधी ते ओळखता येतात.

कीवर्डच्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण तो एके काळी बऱ्यापैकी खरा होता. लोक जे शब्द शोधतात तेच जोडून बनवलेलं नाव घेतलं की सुमार साइटही वर दिसायची. सप्टेंबर 2012 मध्ये गूगलने नेमक्या याच प्रकारच्या निकृष्ट साइट खाली ढकलणारा बदल केला. गूगलचे तेव्हाचे अधिकारी मॅट कट्स यांनी तो जाहीर केला होता. गूगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत आज स्पष्ट लिहिलं आहे की डोमेनमधल्या किंवा पत्त्यातल्या कीवर्डचा रँकिंगवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तरीही जुना दाखला देऊन ही नावं विकली जातात. तीन-चार शब्द डॅशने जोडलेलं नाव फोनवर सांगायला अवघड, लक्षात ठेवायला त्याहून अवघड. लोक नाव विसरतात आणि डॅश नसलेल्या दुसऱ्याच साइटवर जाऊन पोचतात. तोटा होतो तो इथे.

शेपटीचंही तसंच. ‘डॉट कॉम’ असो की एखादं नवं एक्स्टेंशन, गूगल त्यांना सारखंच वागवतं. अपवाद देशांच्या कोडचा: तसं एक्स्टेंशन घेतलं की साइट त्या देशातल्या लोकांसाठी आहे असा संकेत जातो. ‘डॉट आयओ’, ‘डॉट को’, ‘डॉट एआय’ असे थोडे कोड मात्र गूगल सर्वसाधारण धरतं. स्वस्तात मिळतंय म्हणून भलत्याच देशाचा कोड घेऊ नका, आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे पाहण्याआधी रिन्यूअलचा दर विचारा. काही एक्स्टेंशन पहिल्या वर्षी कवडीमोल असतात आणि दुसऱ्या वर्षापासून खिसा रिकामा करतात. ‘प्रीमियम’ शिक्का असलेल्या काही नावांचा तर रिन्यूअलही दरवर्षी प्रीमियम दरानेच होतो.

मोठे पैसे बुडतात ते जुन्या डोमेनमध्ये.

‘डॉट कॉम’सारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) रिन्यू करण्यासाठी साधारण 45 दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असू शकतो. नंतर 30 दिवस मूळ मालकाला जादा शुल्क भरून नाव सोडवता येतं, पुढचे 5 दिवस ते काढून टाकण्याच्या रांगेत असतं आणि मग कुणालाही नोंदवता येतं. असं पूर्ण सुटलेलं नाव पुन्हा नोंदवलं की त्याची निर्मिती-तारीख नव्याने सुरू होते. पण सवलतीच्या काळातच रजिस्ट्रारने लिलावात काढलं तर जुनी तारीख तशीच राहते. म्हणजे ‘बारा वर्षं जुनं’ हे वाक्य खरं असूनही त्या बारा वर्षांत मालक किती बदलले आणि कुणी काय केलं, हे त्यातून कळत नाही. आणि नुसत्या वयाला रँकिंगमध्ये किंमत नाही, असं गूगलच्या लोकांनी वारंवार सांगितलेलं आहे. ‘दहा वर्षांसाठी एकदम नोंदवा, गूगलचा विश्वास वाढतो’ हीसुद्धा थापच. दहा वर्षं ही नोंदणीची कमाल मुदत आहे, तिचा रँकिंगशी संबंध नाही.

ऑथॉरिटीचा आकडा समजून घ्या. मॉझचा ‘डोमेन ऑथॉरिटी’ आणि एचरेफ्सचा ‘डोमेन रेटिंग’ हे 100 पर्यंतचे आकडे त्या कंपन्या दुसऱ्या साइटवरून डोमेनकडे येणाऱ्या, स्वतः गोळा केलेल्या लिंकवरून काढतात. गूगल ते वापरत नाही. आकडे उपयोगी आहेत, पण फुगवणं सोपं आहे: हॅक केलेल्या साइटवर लपवलेल्या लिंक, कॉमेंटमधून पेरलेल्या लिंक, मोठ्या साइटच्या रीडायरेक्टमधली (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर नेणाऱ्या सोयीतली) फट वापरून मिळवलेल्या लिंक. काही लिंक तर भाड्याच्या असतात. व्यवहार झाला, भाडं थांबलं, की त्या गळून पडतात आणि आकडाही पडतो.

म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि लिंकमधले शब्द वाचा. समजा, एखादं डोमेन पूर्वी संगीतशाळेचं होतं. त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवर शाळेचं नाव, ‘प्रवेश’, ‘वार्षिक मैफल’ असे शब्द असायला हवेत. तिथे कसिनो, झटपट कर्ज, औषधांची नावं, अनोळखी लिपीतली वाक्यं दिसली तर ते डोमेन मधल्या काळात कुणीतरी वापरून फेकून दिलेलं आहे. लिंकचा आलेख कित्येक वर्षं सपाट आणि दोन महिन्यांत सरळ उभा असेल, तरी अर्थ तोच.

मग वेबॅक मशीन हा जुन्या वेबपानांचा ऑनलाइन संग्रह उघडा. डोमेन टाकलं की वर्षावार पट्टी येते आणि खाली कॅलेंडरमध्ये जतन केलेल्या दिवसांवर गोल दिसतात. एकच जुनं पान पाहून थांबू नका. विकणारा तेच दाखवतो. दरवर्षातली निदान दोन-तीन पानं उघडा. शाळेची पानं, मग दीड-दोन वर्षांची पोकळी, मग अचानक जुगाराची किंवा नकली बूट विकणारी पानं, आणि शेवटी ‘हे डोमेन विक्रीस आहे’ हा क्रम दिसला तर व्यवहार सोडा. पोकळीसुद्धा काळजीची गोष्ट आहे, कारण साइटने स्वतःच जतन करण्यावर बंदी घातलेली असू शकते. त्याच बैठकीत गूगलमध्ये इंग्रजीत ‘site:’ लिहून पुढे डोमेन टाकून कुठली पानं दिसतात ते बघा, धोकादायक साइट ओळखणाऱ्या गूगलच्या सेफ ब्राउझिंगमधली स्थिती तपासा आणि स्पॅमशी जोडलेल्या डोमेनची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत नाव आहे का तेही बघा. त्या यादीतल्या डोमेनवरून पाठवलेली ईमेल बहुधा समोरच्यापर्यंत पोचतच नाहीत.

इतिहास स्वच्छ निघाला तरी एक अडचण उरते. मार्च 2024 मध्ये गूगलने मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा स्पॅमचा स्वतंत्र प्रकार ठरवला. पूर्वीच्या शाळेच्या डोमेनवर कसिनोचा मजकूर, हे गूगलने स्वतः दिलेलं उदाहरण आहे. जुन्या नावावर नवी, खरी, उपयोगाची साइट उभी करायला हरकत नाही. पण ‘याची ताकद वापरा, विषय कुठलाही चालेल’ असं सांगून कुणी विकत असेल तर तो तुम्हाला नियमभंगच विकतोय.

सर्वांत महत्त्वाची तपासणी विकणाऱ्याच्या हातात असते. त्याला सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात तुम्हाला मर्यादित वापरकर्ता म्हणून जोडायला सांगा: सेटिंग्ज, वापरकर्ते आणि परवानग्या, वापरकर्ता जोडा. मिनिटभराचं काम आहे. मग मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई), सुरक्षेच्या अडचणी आणि 16 महिन्यांपर्यंतचे क्लिक तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. स्क्रीनशॉट घेऊ नका. ब्राउझरमधला आकडा बदलून स्क्रीनशॉट काढायला शाळकरी मुलालाही येतं. ‘सध्या साइटच नाही, कसं जोडू?’ ही सबब चालत नाही, कारण डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड ही मजकुराची नोंद टाकून साइटशिवायही मालकी सिद्ध होते. एवढं मात्र लक्षात असू द्या की मॅन्युअल अ‍ॅक्शनचं पान रिकामं असलं तरी अल्गोरिदमने खाली ढकललेलं तिथे दिसत नाही. त्यासाठी लिंक आणि इतिहास वाचण्याला पर्याय नाही.

विकणारा खरंच मालक आहे का, हेही त्याच मार्गाने कळतं. तुम्ही ठरवाल तो एखादा अर्थहीन शब्द टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायला सांगा आणि स्वतः बघा. ज्याला डीएनएस बदलता येत नाही त्याला पैसे देऊ नका. रक्कम एस्क्रोमधूनच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फतच, द्या. डोमेन तुमच्या स्वतःच्या रजिस्ट्रार खात्यात आल्यावरच ती सुटली पाहिजे. ट्रान्सफर किंवा मालकाचं नाव बदलल्यावर 60 दिवसांचं कुलूप लागू शकतं, ते आधी विचारून घ्या.

साइट बनवून देणाऱ्याने ‘डोमेनचं मी बघतो’ म्हटलं तर तिथेही हाच धोका आहे. डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर नोंदलं जातं आणि वाद झाला की साइट त्याच्या मुठीत राहते. मालकाचं नाव आता सार्वजनिक नोंदीत बहुधा झाकलेलंच असतं. त्यामुळे खातं तुमच्या ईमेलने उघडलेलं असणं आणि पासवर्ड तुमच्याकडे असणं, हीच खात्री.

डोमेन नोंदवल्यावर आणखी एक ईमेल येतं. विषय: ‘अंतिम सूचना’. तुमच्या डोमेनचं नाव ठळक, शेजारी दोन-तीन दिवसांनंतरची तारीख, खाली ‘सर्च इंजिन नोंदणी रद्द होईल’ आणि पैसे भरायचं लाल बटण. अगदी तळाशी फिक्या राखाडी बारीक अक्षरांत: हे बिल नाही, आमच्या सेवेचा प्रस्ताव आहे. सर्च इंजिनकडे डोमेनची अशी कुठलीही सशुल्क नोंदणी नसते. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, सर्च कन्सोलमध्ये फुकट देता येतो. रिन्यूअलची खरी सूचना फक्त तुमच्या रजिस्ट्रारकडून येते. ईमेलमधलं बटण दाबण्याऐवजी त्याच्या साइटवर स्वतः लॉगिन करून तारीख बघा.

खराब डोमेन आधीच पदरात पडलं असेल तर विकणाऱ्याची जाहिरात, ईमेल आणि पैसे दिल्याचा पुरावा आजच जपून ठेवा. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे तक्रार करा; त्यासाठी ठरावीक मुदत असते. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शन दिसली तर जुना मजकूर काढा, लिंक जमतील तेवढ्या उतरवून घ्या, उरलेल्या डिसअव्हाउ फाइलमध्ये (‘या लिंक धरू नका’ असं गूगलला सांगणारी यादी) द्या आणि मालक बदलल्याचं स्पष्ट लिहून पुनर्विचाराची विनंती करा. डाग खोलवर असेल तर नवं कोरं नाव घेणं स्वस्त पडतं, फक्त जुन्यावरून नव्याकडे 301 (कायमचं) रीडायरेक्ट लावू नका, त्याच खराब लिंक पाठोपाठ येतील. आणि मॅन्युअल अ‍ॅक्शन नसूनही एकही पान दिसत नसेल तर सर्च कन्सोलमधलं ‘रिमूव्हल्स’चं पान उघडून बघा. जुन्या मालकाने अख्खी साइट लपवण्याची विनंती करून ठेवलेली असू शकते. ती साधारण सहा महिने चालते आणि नव्या मालकाला तिथूनच रद्द करता येते.