घरच्या विमानाची शेपटी: मोठी करावी, लांब न्यावी की आकारच बदलावा?

देवगडच्या सड्यावर एप्रिलमधली सकाळ. मतलई वारा पडला होता, खारा सुटायला अजून तासभर होता. आमचं एक चतुर्थांश मापाचं मॉडेल उडालं खरं, पण एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीमागची हलती फळी) केसभर हलवला तरी नाक टुणकन वर, आणि सावरायला गेलं की तितकंच खाली. उतरवताना प्रोपेलर जांभ्यावर आपटून गेला. सगळ्यांचं एकच मत: शेपटी लहान पडली. त्या रात्री शेपटीला हातही न लावता मच्छीमारांच्या जाळ्याला असतात तसल्या शिशाच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत भरल्या आणि इंजिनामागे करकचून बांधल्या. दुसऱ्या दिवशी तेच मॉडेल दोरीवरून गेल्यासारखं गेलं. चुकला होता तो तोल, वजन मागे पडलं होतं.

म्हणून तुमच्या शेडमधलं दोन आसनी विमान डळमळेल अशी शंका असेल, तर करवत उचलण्याआधी तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवा. गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा, तटस्थ बिंदूच्या (ज्याच्या मागे तोल गेला की विमान स्वतःहून सावरत नाही) पुढे हवा, साधारणपणे पंखाच्या सरासरी रुंदीच्या ५ ते १५ टक्के. एकटा पायलट आणि दोघं, भरलेली टाकी आणि रिकामी टाकी, असं सगळं मांडून बघा. यातल्या प्रत्येक मांडणीत आकडा जागेवर असेल, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता शेपटीचा हिशेब. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं गुरुत्वमध्यापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची सरासरी रुंदी. घरी बांधलेल्या विमानांत हा आकडा ०.५ च्या आसपास असतो. समजा पंख १२ चौरस मीटर, सरासरी रुंदी १.३ मीटर, शेपटी १.८ चौरस मीटर आणि ती ४ मीटर मागे. उत्तर येतं ०.४६. थोडं कमीच. तुम्हाला ०.५५ हवंय. दोन सरळ रस्ते आहेत: शेपटी २.१५ चौरस मीटरची करा, नाहीतर आहे तीच ४.७७ मीटरवर न्या.

कागदावर दोन्ही सारखे. हवेत नाहीत. नाकाची वर-खाली डोलणारी हालचाल शमवण्याची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. शेपटी मोठी केलीत तर ती सुमारे १९ टक्क्यांनी वाढते, लांब नेलीत तर ४२ टक्क्यांनी. सड्याच्या कड्यावरून येणारा दुपारचा वारा ज्याने एकदा खाल्लाय त्याला हा फरक आकड्यांत सांगावा लागत नाही.

मग सगळेच लांब का करत नाहीत? कारण सांगाडा कापावा लागतो, मागच्या भागावर वाकवणारा जोर वाढतो, आणि मागे घातलेलं प्रत्येक किलो पुढे भरपाई मागतं. ४ मीटर मागे २ किलो वाढले, तर इंजिनाशेजारी १.२ मीटर पुढे जवळजवळ ६.७ किलो ठेवावे लागतात. शिवाय शेडचं दार आणि घाटातली वळणं, ट्रेलरवरून न्यायचं असेल तर. मोठी करताना मात्र एक युक्ती आहे: शेपटी पुढे-मागे रुंद करण्यापेक्षा टोकांकडे पसरवा. लांबट, अरुंद शेपटी त्याच क्षेत्रफळात जास्त काम करते. फक्त आतली मुख्य दांडी त्या जादा भाराला पुरेल का, हे आधी तपासा.

सांगाडा अजून झाकलेला नसेल तर मी लांब करेन. फायबर चढलं असेल, रंग झाला असेल, तर टोकं वाढवेन.

आता आकार बदलायचा मोह. व्ही-शेपटी दिसते झकास, दोनच फळ्या, जोड कमी. बीचक्राफ्टचं बोनान्झा १९४७ पासून ती घेऊन उडतंय. पण दोन फळ्यांनी तिघांचं काम करायचं तर क्षेत्रफळात फारशी बचत होत नाही. शिवाय रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) आणि एलेव्हेटर एकाच पृष्ठभागात आल्याने दोन्हींचे हुकूम एकत्र करणारी यंत्रणा लागते. कारखान्यात बनलेल्या त्या बोनान्झाच्याही शेपट्या उडताना तुटल्याचे अपघात झाले, आणि १९८०च्या दशकात मुळाशी मजबुती करणं सक्तीचं झालं. गोठ्याच्या शेडमध्ये आपण त्याहून चांगलं करू, असं मला तरी वाटत नाही. स्थैर्यासाठी व्ही-शेपटी घेणं म्हणजे होडी डुलते म्हणून उलांडीऐवजी शिडाचा रंग बदलणं.

टी-शेपटीबद्दल थोडक्यात: उभ्या फळीच्या डोक्यावर आडवी फळी, म्हणजे प्रोपेलरच्या झोताबाहेर. संथ गतीत उचल मिळायला उशीर, उभी फळी दणकट करावी लागते म्हणून वजन. पायपर कंपनीच्या ॲरो विमानाने १९७९ मध्ये ती घेतली आणि पुढे पुन्हा खालच्या शेपटीवर परतली. त्यात सगळं आलं.

पूर्ण हलणारी आडवी शेपटी, पायपरच्याच चेरोकी विमानासारखी, मला आवडते. लहान क्षेत्रफळात भरपूर ताकद. पण तिच्या मागच्या कडेला उलट जोर देणारी छोटी पट्टी हवीच, नाहीतर दांडा हातात निर्जीव लागतो. आणि पुढे तोलाचं वजन हवं, नाहीतर फडफड सुरू झाली की काही सेकंदांत शेपटी गेलीच म्हणायची. पहिल्यांदाच बांधत असाल तर साधी स्थिर फळी आणि बिजागरीवरचा एलेव्हेटर बरा.

नाक डावी-उजवीकडे भटकत असेल तर प्रश्नच वेगळा. आडव्या शेपटीचा त्याच्याशी संबंध नाही. उभ्या फळीच्या पुढे पाठीवर उतरता कल्ला चढवला तर विमान जास्त तिरकं गेल्यावर तो मदतीला येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ डी या लढाऊ विमानाचं मागचं अंग बुडबुड्यासारख्या काचेसाठी उतरवलं तेव्हा पुढे असाच कल्ला लावावा लागला. पोटाखालचा कल्ला तुम्ही खाडीत उतरायला तरंडे लावणार असाल तरच घ्या, कारण तरंड्यांचं पुढचं अंग नाक भटकवतं. जांभ्याच्या धावपट्टीवर तो पहिला दगड खातो. आणि उभी फळी वाट्टेल तितकी वाढवू नका. फार मोठी झाली की विमान हळूहळू एका अंगावर कलत गोल वळणात खाली घसरायला लागतं, आणि दुपारच्या आडव्या खाऱ्या वाऱ्यात जमिनीवर धावताना वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड वळवतं.

अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. गच्ची पुरते, पण कागदही लागतात: उडवण्याआधी प्रत्येक बदल डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नजरेखालून जायला हवा. तेव्हा एकच बदल निवडा, तो पूर्ण करा, मग दुसरा.

किनाऱ्यावर आणखी एक काम असतं. बिजागरीच्या खिळी आणि केबलची टोकं दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, खारट ओल आत बसते. गंज काढून एलेव्हेटरला रंगाचा नुसता दुसरा हात दिलात, तरी तो उतरवून बिजागरीवर पुन्हा तोलून घ्या. रंग बहुतेक मागच्या बाजूलाच चढतो.